ललिता पवार आधी हिरोईन होत्या हे खरंय का?

चहाबाज_चिनू:
परवा गावाला गेले होते तर टीव्हीवर जुनं रामायण लागलेलं, मंथरा आली आणि आजीने लगेच बोटं मोडायला सुरुवात केली, 'आली बघ मेली'. आणि मग अगदी सहज म्हणते, ही तरुणपणी हिरोईन होती गं, तलवारी घेऊन काम करायची. मी म्हटलं आजी काहीतरीच! मला त्या फक्त खाष्ट सासू म्हणूनच माहीत, तो एक डोळा बारीक करून बघणं वगैरे. तर आजी खरं बोलतेय का? आणि तो डोळा मुद्दाम तसा करायच्या की मुळातच तसा होता? कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज, आजीशी पैज लागलीये.

येवलेकर:
पैज हरलात ताई तुम्ही 😀 आधी एक सांगतो, त्या आमच्या येवल्याच्या. लोकांना येवलं म्हटलं की फक्त पैठणी आठवते. मूळ नाव अंबा, आडनाव सगुण, 1916 चा जन्म, वडिलांचा कापडाचा धंदा. मूकपटांपासून सिनेमात होत्या. 1931 चा 'दिलेर जिगर' म्हणून एक मूकपट आहे, पुण्यातल्या अगरवाल फिल्म कंपनीचा, त्यात त्या आहेत, आणि सगळा तलवारबाजीचा मामला आहे. मूकपट बहुतेक सगळे जळून नाहीतर सडून गेले, पण याची प्रिंट पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये शिल्लक आहे. म्हणजे आजींची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. 1932 मध्ये 'कैलाश' नावाच्या मूकपटात नुसतं कामच नाही तर निर्मितीतही वाटा होता त्यांचा, वय वर्षं सोळा! आपण त्या वयात दहावीच्या गाईडा पाठ करत होतो.

रिकामटेकडा_७७:
डोळ्याचं मी सांगतो. 1942 च्या सुमारास 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग चाललेलं, सीनमध्ये भगवानदादांनी (हो हो, आपले अलबेलावाले) त्यांना थोबाडीत मारायची होती, ती जरा जास्तच जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याला लकवा मारला, दोन-तीन वर्षं उपचार चालले पण डोळा कायमचा बारीक राहिला. हिरोईनचं करिअर तिथेच संपलं आणि म्हणून त्या खलनायिका झाल्या. थोडक्यात डोळ्यानेच त्यांना घडवलं.

माजघर:
@रिकामटेकडा, अहो थपडेचं बरोबर आहे, पण शेवटचं वाक्य नाही पटत. सगळीकडे हेच लिहिलेलं असतं, एक थप्पड आणि मग डोळा आणि मग दुष्ट सासू, झाली गोष्ट. मग 'अनाडी'तली मिसेस डिसा कोण होती? तोच डोळा, तोच चेहरा, आणि राज कपूरवर वरून करवादणारी, आतून जीव टाकणारी घरमालकीण. ती फ्लूचं औषध घेऊन मरते तेव्हा सिनेमाचा अर्धा जीव जातो, हिरो-हिरोईनचं काय होणार याच्याशी मला तरी घेणंदेणं उरलं नव्हतं. फिल्मफेअरही मिळालं त्या रोलला. मग 'श्री 420' मधली केळेवाली बघा, किती वेळ आहे ती पडद्यावर? आणि तरी लक्षात राहते. डोळ्याने माणूस घडत असता तर या बायका आल्या कुठून?

आणि अजून एक, 1952 च्या 'दाग'मध्ये त्या दिलीपकुमारची आई आहेत. त्या त्याच्यापेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठ्या!! म्हणजे पस्तिशी-छत्तिशीत म्हातारी व्हायचं, आणि ती पण कोणाला खोटी न वाटणारी. मला याचं जास्त कौतुक आहे (आणि थोडा रागही येतो, हिरो पन्नाशीपर्यंत कॉलेजात जात राहिले ते वेगळंच).

रिकामटेकडा_७७:
बरं बाई, डोळ्यानेच घडवलं हे मागे घेतो. पण खाष्टपणात त्या डोळ्याचा उपयोग झाला एवढं तरी मान्य करा.

माजघर:
उपयोग *करून घेतला* म्हणा, मग मान्य 🙂

फुल्ल_टू_फिल्मी:
कोणीच 'प्रोफेसर'चं नाव कसं काढलं नाही?? 1962 चा, शम्मी कपूर म्हाताऱ्या मास्तरचा वेश घेऊन शिकवायला येतो आणि ललिताबाई, म्हणजे घरातली कडक शिस्तीची मावशी की आत्या जी काय आहे ती, त्या म्हाताऱ्याच्याच प्रेमात पडते. एवढी करारी बाई हळूच नटायला लागते, लाजते, आणि ते इतकं गमतीशीर तरी केविलवाणं केलंय की हसता हसता मध्येच वाटतं अरेरे हिला कोणीतरी खरं सांगा रे. अशी कॉमेडी करायला फार मोठा नट लागतो. आदल्याच वर्षी 'जंगली'त त्याच शम्मीची हसायची बंदी घालणारी आई झाल्या होत्या, ते आठवून प्रोफेसर बघा, डबल मजा.

मराठीत 'रामशास्त्री' बघा, प्रभातचा, 1944. त्यात आनंदीबाई आहेत त्या. म्हणजे ध चा मा करणारी. मंथरेची तालीम 40 वर्षं आधीच झाली होती म्हणायची.

येवलेकर:
'आनंद'मधली मेट्रन विसरू नका, ती पण डिसाच! अनाडी पण हृषीदांचाच, त्यांना बहुतेक ते आडनाव आवडलं असावं.

चहाबाज_चिनू:
बापरे एवढं सगळं! थँक्यू सगळ्यांना. पैज हरले, शंभर रुपये आणि एक पाव किलो बालुशाही द्यावी लागली. काल रात्री आजीला मोबाईलवर अनाडी लावून दिला, पूर्ण बघितला तिने चष्मा पुसत पुसत. आज सकाळी परत रामायण लागलं, मंथरा आली, तर परत बोटं मोडायला सुरू. म्हटलं अगं आजी काल तर हिच्यासाठी रडलीस ना. तर म्हणे, 'ती वेगळी.'

@फुल्ल_टू_फिल्मी प्रोफेसर कुठे बघायला मिळेल, चांगल्या प्रिंटमध्ये?