एसी मेकॅनिकच्या प्रात्यक्षिकात पर्यावरणाचा भाग कसा आणायचा?

निदेशक_एमआरएसी (प्रश्न)

आयटीआयच्या मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग ट्रेडला शिकवतो. ओझोन थर, तो वाचवण्यासाठीचा १९८७ चा माँट्रियल करार, तापमान वाढवणारे गॅस कमी करण्यासाठी त्यात झालेली २०१६ ची किगाली दुरुस्ती हे सगळं मुलं परीक्षेत नीट लिहितात. कामाला लागली की मात्र फ्लेअर नट (पाइप जोडणारा नट) सैल करून गॅस हवेत सोडतात. २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं लक्ष्य होतं, पण प्रमाणपत्र मिळाल्याने हाताची सवय बदलत नाही. वर्गात २४ मुलं, चार स्प्लिट एसी, एक रिकव्हरी मशीन (एसीतला गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेणारं), एक टू-स्टेज व्हॅक्यूम पंप आहे. प्रात्यक्षिक कसं बसवू आणि गुण कशावर देऊ?

तांब्याची_नळी

गुण वजनकाट्यावर द्या. जॉब सुरू होताना सिलिंडरचं वजन, संपल्यावर पुन्हा वजन आणि मशीनमध्ये किती गॅस आहे ते, हे तिन्ही आकडे मुलाने जॉबशीटवर ग्रॅममध्ये लिहायचे. ताळा जुळला नाही तर गॅस कुठे गेला हे त्यानेच सांगायचं. शेजारी हा हिशेब लिहून ठेवा: १ किलो आर-४१०ए (एसीतला एक गॅस) हवेत सोडला की सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ. आर-२२ चा आकडा १,८१० आणि आर-३२ चा ६७५. आर-२२ वर ओझोनचं नुकसान आणखी वेगळं.

रिकव्हरी मशीन एकच असल्याची काळजी नको. चालू कॉम्प्रेसर असलेल्या स्प्लिटला पंप-डाउन, म्हणजे एसीच्याच कॉम्प्रेसरने गॅस आउटडोअरमध्ये गोळा करणं, पुरतं. कूलिंगवर पाच-दहा मिनिटं चालवा, बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करा, गेज शून्याच्या जरा वर असतानाच जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लगेच मशीन बंद. गॅस आउटडोअर युनिटमध्येच राहतो. कॉम्प्रेसर चालू असताना पाइप सोडायचा नाही, हे रोज बजावा. हवा आत ओढली गेली की तेल आणि दाबलेल्या हवेने कॉम्प्रेसर फुटू शकतो.

रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरू नका, उन्हात द्रव फुगायला जागा हवी. प्रत्येक गॅसला वेगळा सिलिंडर ठेवा. एकदा गॅस मिसळले की ते परत वापरता येत नाहीत.

निदेशक_एमआरएसी

ताळ्याची कल्पना आवडली. पण जोड काम शिकवताना गॅस वाया जातोच ना?

शून्य_दाब

जोड कामाला रेफ्रिजरंट (एसीतला गॅस) लागतच नाही, सगळं नायट्रोजनवर शिकवा. ब्रेझिंग (टॉर्चने पाइप जोडणं) करताना पाइपमधून मिनिटाला दोन-तीन लिटर नायट्रोजन वाहता ठेवायचा. नाही ठेवला तर आत काळी पापडी धरते आणि पुढे स्ट्रेनर किंवा कॅपिलरी चोक होते. एक जोड नायट्रोजनशिवाय करून, उभा कापून मुलांच्या हातात द्या.

लीक टेस्टही नायट्रोजननेच, रेग्युलेटर लावून, नेमप्लेटवरच्या दाबाच्या मर्यादेत. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी त्याचा स्फोट होतो. जुना हॅलाइड दिवा फक्त क्लोरीन ओळखतो, त्यामुळे आर-४१०ए किंवा आर-३२ ला तो निरुपयोगी. साबणाचा फेस लावा आणि घाई करू नका.

व्हॅक्यूमला, म्हणजे पंपाने पाइपमधली हवा आणि ओलावा काढताना, मायक्रॉन गेज (अगदी कमी दाब मोजणारं) घ्याच. सुईच्या गेजवर ५,००० आणि ५०० मायक्रॉन सारखेच दिसतात. ५०० च्या खाली आणा, पंप वेगळा करा, दहा मिनिटं थांबा. आकडा चढतच राहिला तर लीक आहे. थोडा चढून स्थिरावला तर ओलावा. पीओई (कॉम्प्रेसरमधलं कृत्रिम तेल) ओलावा पटकन धरतं, त्याचं आम्ल होतं आणि कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग जळतं. मग मशीन भंगारात आणि गॅस हवेत. माझ्या मते या ट्रेडमधला सगळ्यात मोलाचा पर्यावरणाचा धडा ही दहा मिनिटंच आहेत.

गार_वारा

वरच्या दोघांशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

पहिली, चार्जिंग. आर-२२ च्या सवयीने ६०-७० पीएसआय बघून गॅस भरणं आर-३२ ला चालत नाही, तिथे सक्शनचा (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा) दाब साधारण ११०-१३० असतो. नेमप्लेटवरचे ग्रॅम आणि जादा पाइपचे ग्रॅम, वजनानेच भरायचे. आर-४१०ए हे मिश्रण आहे, तो द्रवरूपातच काढायचा. गॅस कमी भरला की मशीन जास्त वेळ चालतं आणि वीज खातं, ते नुकसान अनेक वर्षं चालू राहतं.

दुसरी, ज्वालाग्राही गॅस. आर-३२ मंद पेटतो, आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो झटकन पेटतो. पाइप टॉर्चने सोडवू नका, कटरने कापा. खिडक्या उघड्या ठेवा. प्रोपेन हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून पंपाचा स्विच लांबून दाबायचा. आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये प्रोपेन भरायचा प्रकार तर वर्गातच निषिद्ध करा. त्याचे रिले आणि स्विच ठिणगी देणारे असतात.

एक अडचण वर्गाबाहेरची आहे. इन्स्टॉलेशनचे पैसे नगावर मिळतात, म्हणून व्हॅक्यूम टाळून आउटडोअरमधलाच गॅस सोडून हवा काढली जाते. ॲप्रेंटिसशिपला मुलं पाठवताना त्या डीलरकडे मायक्रॉन गेज आणि वजनकाटा आहे का, हे आधी विचारा. नसेल तर तिथे पाठवू नका.

निदेशक_एमआरएसी

तिघांचे आभार. या सत्रापासून जॉबशीटवर ग्रॅमचे तीन रकाने आणि दहा मिनिटांच्या मायक्रॉन वाचनाचा एक रकाना घालतो. आर-२९० च्या प्रात्यक्षिकाला एका वेळी चारच मुलं, बाकीची नायट्रोजनच्या जॉबवर.