पोरगं हेरायला सगळे पुढे, सांभाळायला कोण? (एएफएल आणि आदिवासी खेळाडू)

यारा_काठचा

मेलबर्नला राहायचं आणि फुटीबद्दल (म्हणजे इथल्या फुटबॉलबद्दल) मत नाही असं चालत नाही, सोमवारी ऑफिसात कुणी बोलायला उभं करत नाही. तेव्हा हा धागा. भांडणं होणार हे गृहीत धरलंय, होऊ द्या.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एएफएल ही ऑस्ट्रेलियन फुटबॉलची व्यावसायिक लीग. 18 क्लब, मैदानात एका बाजूला 18 जण, चेंडू लांबट. अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक देशाच्या लोकसंख्येत चार टक्क्यांच्या आत, पण 2020 साली लीगमध्ये त्यांचे 87 खेळाडू होते, म्हणजे दहातला एक. 2024 पर्यंत हा आकडा 71 वर आला आणि 2025 मध्ये आणखी खाली गेला. गुणवत्ता चार-पाच वर्षांत आटत नाही. मग झालं काय?

माझ्या मते क्लबांनी धोक्याचा हिशेब मांडायला सुरुवात केलीय. दूरच्या वस्तीतला मुलगा म्हटलं की निवड समितीत पहिला प्रश्न 'हा टिकेल की घरी पळेल?' त्यात हॉथॉर्न क्लबच्या प्रकरणाची भर. 2022 मध्ये क्लबनेच करवून घेतलेल्या अहवालात काही माजी आदिवासी खेळाडूंनी आणि कुटुंबीयांनी प्रशिक्षकांवर घरगुती आयुष्यात ढवळाढवळ केल्याचे गंभीर आरोप केले. प्रशिक्षकांनी ते साफ नाकारले, लीगने नेमलेली चौकशी मे 2023 मध्ये कुणावरही ठपका न ठेवता संपली. खरं-खोटं बाजूला ठेवा. बाकीच्या क्लबांनी त्यातून 'नीट सांभाळा' हा धडा घेण्याऐवजी 'भानगडच नको' हा घेतला असावा, असा माझा संशय आहे.

लियम जुरा आठवतो का कुणाला? अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून सुमारे 300 किमीवरच्या युएंडुमू वस्तीतला वार्लपिरी जमातीचा पोरगा. 2008 च्या अखेरीस मेलबर्न क्लबने घेतला. 2010 मध्ये 'मार्क ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम झेल, याच्या नावावर. आणि 2012 मध्ये 36 सामन्यांवर सगळं संपलं. हा मुलगा आपल्या समाजाचे सगळे संस्कार झालेला, वस्तीच्या दृष्टीने कर्ता पुरुष होता. तिकडे कुणी गेलं की सुतक नुसतं आपल्यासारखं दहा-तेरा दिवसांचं नसतं, कुणी कुठे हजर राहायचं हे नात्यावर ठरतं आणि ते टाळता येत नाही. इकडे सकाळी सातला जिम.

माझा प्रस्ताव साधा आहे. दूरच्या वस्तीतून मुलगा घ्यायचा असेल तर एकट्याला उचलू नका, दोघे घ्या. आणि त्यांची काळजी घेणाऱ्या माणसाचा पगार क्लबने देऊ नये, लीगने द्यावा.

खडूस_काका (पुणे)

चार टक्के लोकसंख्या, दहा टक्के खेळाडू, आणि तरी गळा काढायचा? उद्या मुंबईच्या रणजी संघात कोकणातले कमी का म्हणून धागा काढा.

'दोघे घ्या' म्हणजे ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती पद्धत) मागच्या दाराने आरक्षण. आणि त्या दुसऱ्याचा विचार केलात का? पहिला गुणी म्हणून घेतला, दुसरा त्याच्या सोबतीला. सोबतीला आलेल्याला दोन वर्षांत नारळ मिळणार. 20 व्या वर्षी ना शिक्षण ना खेळ, वस्तीवर परत. हे चांगलं झालं का त्याचं? व्यावसायिक खेळ क्रूर असतो यारा, तो सगळ्यांशी सारखाच क्रूर असावा एवढीच अपेक्षा.

विदुला (अ‍ॅडलेड)

काका, सारखाच क्रूर असता तर वादच नव्हता.

डग निकोल्स कार्लटनकडे खेळायला गेले 1927 मध्ये. रंगामुळे त्यांना मालिश करायलाही कुणी तयार नव्हतं. ते निघून गेले, पुढे फिट्झरॉयकडून नाव कमावलं आणि 1976 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. आज लीग त्यांच्या नावाने सामन्यांची खास फेरी खेळवते. जुनं झालं म्हणाल. 1993: सेंट किल्डाच्या निकी विनमारने कॉलिंगवुडच्या मैदानावर जर्सी वर करून प्रेक्षकांना आपली कातडी दाखवली. 2023: वेस्टर्न बुलडॉग्जच्या जमारा युगल-हेगनने शिवीगाळ ऐकून तेच केलं. मधली 30 वर्षं कुठे गेली?

दहा टक्क्यांचं म्हणाल तर ते दहा टक्के मैदानात. मैदानाच्या कडेला बघा. पॉली फार्मर 1973 ते 75 जीलॉंगचे मुख्य प्रशिक्षक होते. 1984 मध्ये नॉर्थ मेलबर्नच्या बॅरी केबलची कारकीर्द संपली, त्यानंतर एकही आदिवासी मुख्य प्रशिक्षक नाही. समालोचक यांच्या पोरांबद्दल बोलताना 'जादू', 'उपजत' असले शब्द वापरतात. ज्याचं सगळं उपजत त्याला डावपेच शिकवायची गरज नाही, आणि ज्याला डावपेच येत नाहीत असं ठरलं त्याला पुढे प्रशिक्षक कोण करणार?

यारा, तुझ्या प्रस्तावाशीही मी सहमत नाही, पण त्यावर नंतर. आधी डबे.

गोट्या_फुट्सक्रे

जमाराचं नाव निघालं म्हणून बुलडॉग्जचा माणूस या नात्याने बोलतो.

2016 पासून लीगने क्लबांना एकेक इलाखा देऊन अकादम्या काढायला लावल्या. आपल्या इलाख्यातली आदिवासी आणि स्थलांतरितांची मुलं घडवा, ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्लबाने बोली लावली की तुम्ही ती बरोबरीला आणून मुलगा घेऊ शकता, असा सौदा. 2020 मध्ये आमच्याकडे पहिल्या क्रमांकाचा जमारा आला तो असा. लगेच बाकीच्यांच्या पोटात दुखलं! पुढच्या वर्षी नियम बदलला: पहिल्या 20 जणांत मुलगा गेला तर बोली जुळवता येणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पहिले 40. म्हणजे मुलगा चांगला निघाला तर शेजारी नेणार, सुमार निघाला तर तुमचा. कोण पैसे घालेल अशा अकादमीत? 2024 मध्ये लीगने तो नियम मागे घेतला. यारा, तुझे 87 चे 71 याच काळातले. मानसशास्त्र कशाला शोधतोस, हिशेबाची वही बघ.

खडूस_काका (पुणे)

गोट्याशेठ, जमारा वॉर्नम्बूलजवळच्या फ्रॅमलिंगहॅमचा हे खरं, पण शिकला मेलबर्नच्या स्कॉच कॉलेजात. तिथल्या मैदानाला दर शनिवारी निवडकर्त्यांचा वेढा असतो. त्याला तुमच्या अकादमीने शोधलं हे मला सांगू नका. तो आयता होता.

गोट्या_फुट्सक्रे

जमारा आयता होता, मान्य. त्याच्यामागचे दहा नव्हते. नियमाने मेले ते ते.

डार्विनचा_पाहुणा

कामानिमित्त काही वर्षं डार्विनला काढली आहेत. सगळी चर्चा मेलबर्नच्या खिडकीतून चाललीय म्हणून लिहितो.

टिवी बेटं डार्विनपासून 80 किमी, समुद्र ओलांडून. वस्ती जेमतेम अडीच हजार. मार्चमध्ये वुरुमियांगाला त्यांच्या लीगची अंतिम लढत असते आणि त्याच दिवशी चित्रांची विक्री. डार्विनहून बोटी आणि छोटी विमानं भरून लोक येतात. मी गेलो त्या वर्षी मध्यंतरात बघे जागचे उठेपर्यंत चाळीसेक पोरं मैदानात शिरली होती, बहुतेक अनवाणी, चेंडू तीन. पावसाने मैदान चोपडं झालेलं, आणि सात-आठ वर्षांचा एक मुलगा धावता धावता चेंडू एका हाताने उचलून न बघता मागे देत होता. त्याच्यामागचा मुलगा तिथे असणारच हे त्याला माहीत होतं. या बेटांवरून रिओली घराणं आलं. मॉरिस रिओली 1982 च्या अंतिम सामन्यात हरलेल्या संघात असूनही सामनावीर, पुतण्या सिरिल 2015 मध्ये सामनावीर.

आता सिरिलकडे बघा. 14 व्या वर्षी घर सोडून मेलबर्नच्या वसतिगृहात. 189 सामने, चार विजेतेपदं. 2018 मध्ये 28 व्या वर्षी करार बाकी असताना निवृत्त होऊन डार्विनला परत. 2022 मध्ये त्याने आणि बायकोने सांगितलं की क्लबच्या अध्यक्षांनी तिच्या फाटक्या फॅशनच्या जीन्सवर विमानतळावर टोमणा मारला, शिवून घ्यायला सुटे पैसे देऊ केले, आणि तिथे त्यांचं मन उडालं. अध्यक्षांच्या मते ती थट्टा होती. एक थट्टा एवढी जड का झाली, हे घरापासून तीन हजार किमी दूर राहून बघितल्याशिवाय कळत नाही.

पण माझा मुद्दा वेगळाच. मेलबर्नला जाणं म्हणजे यश हे कुणी ठरवलं? डार्विनची लीग ऑक्टोबर ते मार्च, पावसाळ्यात चालते. तिथे टिवी बॉम्बर्स हा त्यांचा स्वतःचा क्लब आहे. टास्मानियाला 2028 मध्ये 19 वा संघ मिळतोय. 20 वा डार्विनला द्या. 'सांभाळायला कोण' हा प्रश्नच उरणार नाही, आजी सांभाळेल.

खडूस_काका (पुणे)

डार्विनची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. टास्मानियात एका स्टेडियमवरून किती वर्षं मारामारी चालली ते बघितलंत ना? भावना छान, ताळेबंद शून्य.

सह्यकडा (नाशिक)

मला या खेळातलं काही कळत नाही, तरी राहवलं नाही. आमच्याकडे सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्यपदक घेऊन आली. प्रशिक्षक नाशिकमध्येच होते, गाव दोन-तीन तासांवर. आश्रमशाळांतून अशी मुलं उचलून वसतिगृहात ठेवून घडवता येतात की. तिकडे जमत नाही याचं नवल वाटतं.

यारा_काठचा

सह्यकडा, नाशिक दोन-तीन तासांवर होतं हेच तर म्हणतोय मी.

आणि 'मुलं उचलून वसतिगृहात' हे इथे नुसतं उच्चारलं तरी लोक गप्प होतात. सरकारने आणि मिशनऱ्यांनी कित्येक पिढ्या आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून नेली, तुमच्याच भल्यासाठी म्हणून. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती 2008 मध्ये. विदुलाने नाव घेतलं ते पॉली फार्मर पर्थच्या अशाच एका संस्थेत वाढले. तेव्हा क्लबचा गोरा माणूस वस्तीवर येऊन चहा घेत म्हणतो, 'तिकडे शिक्षण होईल, राहायची सोय आहे, काळजी करू नका', तेव्हा समोर बसलेल्या आजीला हे वाक्य पाठ असतं.

काका, दुसऱ्या मुलाबद्दलचा तुमचा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण दुसरा सोबती म्हणून घ्या असं मी म्हटलंच नव्हतं. त्या भागात घ्यायच्या लायकीचा एकच मुलगा दिसतो याचा अर्थ निवडकर्ता एकदाच गेला होता. गोल्ड कोस्टचं बघा. त्यांच्याकडे डार्विनचा इलाखा आहे, नॉर्दर्न टेरिटरीतल्या (डार्विन ज्यात येतं तो प्रांत) मुलांचा गटच तिथे जमला. 2024 च्या शेवटी टिवीचा डॅनियल रिओली रिचमंडसारखा बडा क्लब सोडून तिकडे गेला. 2025 मध्ये हा क्लब पहिल्यांदा फायनल्समध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, पोचला. फक्त त्यामुळे असं म्हणत नाही, पण ओझं तर नक्कीच झालं नाही ना?

विदुला (अ‍ॅडलेड)

डबे झाले.

यारा, काळजीवाहू माणसाचा पगार लीगने द्यावा म्हणतोस. कुठली लीग? 2015 मध्ये अ‍ॅडम गुड्स चेंडूला हात लावायचा आणि स्टेडियम हुर्यो करायचं, आठवड्यामागून आठवडे. दोनदा ब्राउनलो पदक (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) जिंकलेला, आदल्या वर्षीचा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर', 372 सामने खेळलेला माणूस. याला वंशद्वेष म्हणायचं की नाही यावर लीगचे साहेब शब्द चघळत बसले. त्या मोसमाअखेर तो निवृत्त झाला. माफी आली 2019 मध्ये, त्यावर माहितीपट आल्यावर. 2021 मध्ये हॉल ऑफ फेम देऊ केला, तो त्याने नाकारला. बरोबर केलं. अशा लीगचा पगारी माणूस 18 वर्षांच्या मुलाच्या बाजूने कुणाशी भांडणार आहे?

क्लबांत आता आदिवासी खेळाडूंसाठी अधिकारी असतात, माणसं मनापासून काम करतात. पण मुलाला संघातून वगळायचं ठरतं त्या बैठकीत त्यांना खुर्ची असते का? मला पगारापेक्षा ती खुर्ची महत्त्वाची वाटते. नाहीतर पोराचे विमानाचे तिकीट काढणारा आणखी एक माणूस एवढंच.

गोट्या_फुट्सक्रे

विदुलाताईंना +1. आणि कोविडच्या वर्षी लीगनेच क्लबांच्या फुटबॉल विभागाच्या खर्चावरची मर्यादा कापली, सगळीकडे माणसं घरी गेली. तेव्हा लीग पगार देईल आणि देत राहील, दोन्हीवर विश्वास नाही.

यारा_काठचा

मग खेळाडूंच्या संघटनेकडे द्या. संघटनेत आदिवासी खेळाडूंचं सल्लागार मंडळ आहेच. माणूस ते निवडतील, निवड बैठकीत खुर्ची करारात लिहून घेतील. पैशाचं रडगाणं नको. 2025 ते 2031 चे प्रक्षेपण हक्क साडेचार अब्ज डॉलरला गेलेत, त्यातून 18 माणसांचे पगार निघत नसतील तर दुकान बंद करा.

खडूस_काका (पुणे)

हे पहिल्यांदा जरा व्यवहारी बोललात. खुर्चीवर माझा आक्षेप नाही. सांभाळणाऱ्याला निर्णयात स्थान हवं, हे कुठल्याही कारखान्यात खरं आहे. 'दोघे घ्या' मात्र नियम म्हणून अजूनही अमान्य, गोल्ड कोस्टने केलं ते नियमाशिवायच केलं.

आणि एक राहिलंच. संघटना खेळाडूंची. पोराला क्लबने यादीतून काढलं की तो खेळाडू राहत नाही. युएंडुमूच्या बसमध्ये बसलेल्या माजी खेळाडूला फोन कुणी करायचा, ते कुठल्या करारात लिहिणार?

डार्विनचा_पाहुणा

काका, कधी नव्हे ते सहमत. वगळल्यानंतरची दोन वर्षं त्याच माणसाच्या जबाबदारीत धरा, पगारासकट. आणि तो माणूस मेलबर्नला बसवू नका, अ‍ॅलिस स्प्रिंग्जला बसवा.