मदत हवी आहे: खेळातल्या पात्रांना आपला 'क्लास' माहीत असतो का?

नमस्कार मंडळी,

नाशिकला गंगापूर रोडवर आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा (डी अँड डी: टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ) गट दर रविवारी जमतो. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं, खेळ पूर्ण मराठीत. डीएम, म्हणजे जग आणि कथा चालवणारी, मी आहे. पात्राचा क्लास म्हणजे त्याचा पेशा, लेव्हल म्हणजे त्यातली पायरी; नवी लेव्हल दुसऱ्या क्लासचीही घेता येते. एका प्रश्नावर कॅम्पेन (आमची सलग चालणारी कथा) अडलंय आणि येत्या रविवारच्या आत मला निर्णय द्यायचा आहे, म्हणून इथे विचारते.

जग मीच रचलेलं आहे: नदीकाठचं तीर्थक्षेत्र, घाट आणि घाटावर हक्क सांगणारे आखाडे. हे कुठून आलं ते नाशिककरांना सांगायला नको. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नानाला उतरतात, त्यांचा क्रम ठरलेला असतो, हे बघतच आम्ही वाढलो. तर माझ्या जगात मंक (हातापायांनी लढणारा संन्यासी, हा एक क्लास) म्हणजे आखाड्याची दीक्षा घेतलेला साधक. एक खेळाडू पहिल्या सेशनपासून असा मंक खेळतोय. गुरू, व्रतं, आखाड्यातली भांडणं, सगळं त्याने फार मन लावून उभं केलंय.

आता दुसऱ्या खेळाडूचा फायटर (शस्त्रांनी लढणारा) पाचव्या लेव्हलला पोचला आणि ही लेव्हल त्याला मंकची घ्यायची आहे. नियमाने काहीच आडकाठी नाही. पात्राची डेक्स्टेरिटी (चपळाई) १३ आणि विझडम (शहाणपण) १३ असलं की झालं, दीक्षा-बिक्षा पुस्तक मागत नाही. पहिला म्हणतो, "माझ्या पात्राने लहानपणापासून आखाड्यात झाडलोट केली, आणि हा एका रात्रीत मंक?" दुसरा म्हणतो, "क्लास कॅरेक्टर शीटवर असतो, जगात नसतो. माझं पात्र हातापायांनी लढायला शिकलं, एवढंच घडलं." मला दोघांचंही पटतं, अडचण तीच आहे.

जुन्या आवृत्त्या चाळल्या. १९७४च्या मूळ खेळात फायटिंग-मॅन (लढवय्या), मॅजिक-यूजर (जादूगार) आणि क्लेरिक (दैवी मंत्र करणारा पुजारी) हे तीनच क्लास, आणि लेव्हलगणिक पदव्या: पहिल्या लेव्हलचा लढवय्या 'व्हेटरन', क्लेरिक 'अ‍ॅकोलाइट'. १९७८च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये तर मंक आणि ड्रुइड (निसर्गपूजक पुरोहित) यांना वरच्या लेव्हलला जागाच मोजक्या. पुढे सरकायचं तर त्या जागेवर बसलेल्याला द्वंद्वात हरवायचं. अशा जगात नुसता क्लासच नाही, लेव्हलसुद्धा लोकांना ठाऊक असणार. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत गावातल्या साध्या माणसांनाही 'कॉमनर', 'एक्स्पर्ट' असे क्लास दिले, पण कुठलाही लोहार स्वतःची ओळख 'मी एक्स्पर्ट' अशी करून देत असेल असं मला वाटत नाही. आमच्या पाचव्या आवृत्तीत पहारेकऱ्याला क्लास नाहीच, आणि देवळातला प्रत्येक पुजारी क्लेरिक नसतो हे पुस्तकातच लिहिलंय.

माझा कल असा आहे की विझर्डची (जादूगाराची) मंत्रांची वही, पॅलाडिनची (धर्मयोद्ध्याची) शपथ, वॉरलॉकचा अलौकिक शक्तीशी केलेला करार या जगात घडलेल्या गोष्टी आहेत. त्या लोकांना दिसतात, त्यांवर लोक बोलतात. फायटर आणि रोग (इंग्रजी rogue, म्हणजे चोर-भामटा) यांचं तसं नाही. तलवार पेलणाऱ्या दहा जणांत फायटर कोण आणि बार्बेरियन (बेभान होऊन लढणारा रांगडा) कोण, हे बाजारात कोण ओळखणार? मंक नेमका मधे अडकतो.

जाणकारांनी सांगावं: तुम्ही कसं सोडवता? फायटरला लेव्हल देऊ की आधी दीक्षा घ्यायला लावू?

प्रतिसाद:

मंक आणि आखाडा यांची गाठ तुम्ही बांधलीत, नियमांनी नाही. ती सैल करायचा हक्कही तुमचाच. मी लेव्हल देईन, दीक्षा देणार नाही. फायटरने सरावाच्या वेळी बघून बघून विद्या उचलली असं धरा. मग घाटावर कुणीतरी त्याला विचारू दे, "गुरू कोण?" विचारणारा आखाड्यातलाच असेल तर विद्या चोरल्याचा आरोप येणार, आणि तुमच्या जुन्या मंकला ठरवावं लागेल की याच्या बाजूने उभं राहायचं की नाही. त्याने जे उभं केलंय त्याला असं वजन येतं.

'अर्थडॉन' (१९९३) हा असाच दुसरा खेळ आहे, त्याचं पुस्तक जमलं तर वाचा. तिथे डिसिप्लिन (क्लाससारखं) आणि सर्कल (लेव्हलसारखं) हे जगातलेच शब्द आहेत, पात्रं ते उघड बोलतात, कारण ते अख्खं जगच त्यावर रचलंय. डी अँड डीत क्लासागणिक उत्तर बदलतं, तेव्हा सगळ्यांना एकच नियम लावायला जाऊ नका.

रोगबद्दल मात्र सहमत नाही. त्याला पहिल्याच लेव्हलला चोरांची सांकेतिक बोली येते. बोली म्हटली की ती शिकवणारी माणसं आली.

धागाकर्ती:

मनापासून आभार. लेव्हल देते, आणि "गुरू कोण?" हा प्रश्न आखाड्याचा महंतच विचारेल. पण हे टेबलावर अचानक आणणार नाही. जुन्या मंकच्या खेळाडूशी शनिवारी बोलून घेते, त्याच्या पात्राच्या घरातली गोष्ट आहे ही.

रोगचा मुद्दा तर लगेच लागू होतो, कारण आमची विझर्ड पुढची लेव्हल रोगची घेणार म्हणते. ती बोली शिकवणारं माणूस मी आधीच कथेत आणून ठेवावं की कुणाकडून शिकली हे तिलाच सांगू द्यावं? कुणी असं खेळवलं असेल तर जरूर लिहा.