मदत हवी आहे: वाढदिवसाच्या जेवणातून विषबाधा, कॅटरर म्हणतो "सही करा, पैसे घ्या"

नमस्कार मंडळी. मुलुंडला भाच्याच्या वाढदिवसाचं जेवण गच्चीवर होतं. कॅटररकडून चिकन रोल, मेयोनीज, पुलाव, गुलाबजाम. मेयोनीजचं पातेलं दुपारपासून जिन्यात, वर नुसता ओला फडका. वहिनीला हे नंतर फोटो चाळताना दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रोल खाल्लेल्या बहुतेकांना ताप, मुरडा, जुलाब. नुसता पुलाव खाल्लेले शाकाहारी ठणठणीत.

आई 71 वर्षांची, मधुमेही. तिला ॲडमिट करावं लागलं, सलाईन लावलं, क्रिएटिनीनही (किडनीवर ताण आल्याची खूण) वाढलं होतं. स्टूल कल्चरमध्ये (शौचाची जंतू तपासणी) साल्मोनेला हा जंतू आला. आता घरी आहे, पोट ठीक आहे, पण उजवा गुडघा टम्म सुजलाय आणि डोळे लाल. फॅमिली डॉक्टर म्हणतात, वय झालं. वय काय एका रात्रीत होतं?

कॅटरर बिलाचे पैसे परत द्यायला तयार आहे, पण स्टॅम्प पेपरवर "हिशेब मिटला, पुढे कोणतीही तक्रार करणार नाही" असं लिहून हवंय. दादा म्हणतो, मिटवून टाक. शिवाय बिल दादाच्या नावावर आणि आजारी पडली आई, मग तक्रार करायची कोणी?

---

गोळीवाला_डॉक्टर: ताई, कायद्याचं नंतर. आधी गुडघा. साल्मोनेलानंतर साधारण एक ते चार आठवड्यांत सांधे सुजणं, डोळे लाल होणं, लघवीला जळजळ हे काही जणांना होतं. याला रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. पण मधुमेही आणि सत्तरीपुढच्या माणसात जंतू रक्तातून थेट सांध्यात गेलेत का, हे पाहावंच लागतं. ताप असेल किंवा गुडघा गरम लागत असेल, तर उद्यावर टाकू नका. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, सांध्यातलं पाणी काढून तपासायचं का ते विचारा. डोळे वेगळे दाखवा. क्रिएटिनीन पुन्हा करा, आणि तोवर दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका, आधीच ताण पडलेल्या किडनीला त्या झेपत नाहीत.

बाकीच्यांपैकी कोणाला शौचातून रक्त, तीन दिवसांपलीकडे जुलाब किंवा लघवी कमी असं असेल, तर त्यांनाही दाखवा. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवणारी गोळी नको.

वांद्रेपूर्व_वकीलीणबाई: सही करू नका. पैसे परत घ्यायला हरकत नाही, पण पोचपावतीवर "फक्त जेवणाच्या बिलाची रक्कम मिळाली" एवढंच लिहा. आईच्या गुडघ्याचं पुढे काय होतंय हे कळण्याआधी हक्क सोडायचा कशाला?

तक्रार आईच करू शकतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ज्याने पैसे मोजले तोच ग्राहक असं नाही, त्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच. तक्रारीची मुदत दोन वर्षं. ग्राहक जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग. शुल्क भरपाईच्या आकड्यावर नाही, मोजलेल्या किमतीवर ठरतं. 5 लाखांपर्यंत शून्य. वाढदिवसाचं जेवण त्यात बसावं, लग्न असतं तर सांगता आलं नसतं. आधी चाचपणी करायची तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

दुसरी वाट अन्न व औषध प्रशासनाची (टोल फ्री 1800-222-365). अन्न सुरक्षा कायदा, 2006 च्या कलम 65 खाली इजा झाल्यास 1 लाखापर्यंत आणि गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. शिक्षा कलम 59 खाली, ती वेगळी. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना स्वतः विक्रेत्याकडून घेतो आणि चार भागांत सील करतो. तुमच्या फ्रीजमध्ये उरलेल्या जेवणाचा डबा असेल तर त्याला ते वजन नाही, तरी टाकू नका. आणि आता महिना उलटायची वाट बघू नका, कॅटररच्या किचनमध्ये आज काय चाललंय हे आजच गेलं तर दिसेल.

सगळ्यात भारी पुरावा तुम्ही सहज लिहून गेलात: रोल खाणारे आजारी, न खाणारे बरे. कोणी काय खाल्लं, किती वाजता त्रास सुरू झाला, कोणाला दाखवलं, हे प्रत्येकाकडून सहीनिशी लिहून घ्या. एकाच घरातला एक आजारी आणि एक बरा असेल तर ती जोडी आधी. वहिनींचा फोटोही मूळ फाइलसकट जपा, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत वेळेची माहिती बहुधा उडते.

भांडुपचा_बाळ्या: आमच्या सोसायटीत पनीरवरून असंच झालं होतं. कॅटररचा पहिला डायलॉग: "तुमच्या टाकीचं पाणीच खराब." तयार राहा.

धागाकर्ती: आभार. टाकीचं पाणी तर शाकाहारीही प्यायले! आईला ताप नाही, पण गुडघा गरम लागतोय, आत्ताच रिक्षा बोलावतेय. बिल मात्र साध्या चिठ्ठीवर आहे, नाव आणि आकडा, बस्स.

वांद्रेपूर्व_वकीलीणबाई: यूपीआयची नोंद आणि ऑर्डरचं चॅट काढून ठेवा, तेवढ्यावर व्यवहार सिद्ध होतो. 1 जानेवारी 2022 पासून बिलावर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक (अन्न व्यवसायाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा) छापणं बंधनकारक आहे. चिठ्ठीवर तो नाही, हेही तक्रारीत लिहा. डिस्चार्ज कार्ड आणि कल्चर रिपोर्टच्या प्रमाणित प्रती हॉस्पिटलकडून आजच मागा. आणि दादाला सांगा, तो स्टॅम्प पेपर फाडू नको, कॅटररने काय लिहून मागितलं तेही कामाला येईल.