मदत हवी आहे: ट्रेलरच्या गरम नळातून अँटीफ्रीझ येतच नाही

नमस्कार मंडळी,
आम्ही अमेरिकेत मिनेसोटात राहतो. उन्हाळ्यात एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, तो हिवाळाभर उघड्यावरच उभा राहणार. इथे जानेवारीत पारा उणे २५ सेल्सिअसपर्यंत उतरतो, म्हणजे पाइपांत पाणी राहून चालणार नाही; ते काढून अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारा द्रव, भरायचाय.

पाण्याची टाकी रिकामी केली, फिल्टर काढला. पाणी तापवायचा हीटर गार झाल्यावर दाब सोडून त्याचा प्लग उघडला, खालचे लाल-निळे ड्रेनही (गरम-गार पाइपांतलं पाणी सोडायच्या तोट्या) सोडले. मग सगळं बंद करून पंपाची नळी गुलाबी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये घातली. सिंकचा गार नळ लगेच गुलाबी वाहू लागला. गरम नळ मात्र नुसता फुसफुसतोय. दोन गॅलन संपले, पंप काही थांबेना, म्हणून बंद करून ठेवलाय.

हीटर ६ गॅलनचा आहे. पलंगाखालची फळी काढली तर त्याच्यामागे तीन व्हॉल्व्ह दिसतात. ट्रेलरसोबत मॅन्युअल मिळालेलं नाही. कोणता व्हॉल्व्ह कुठे फिरवू? की कंप्रेसरने हवा मारून पाइपांतलं पाणी काढलं तरी भागेल? शनिवारी रात्री पारा शून्याखाली जाणार आहे, त्यामुळे जरा घाई आहे.

---

प्रतिसाद:
अँटीफ्रीझ हीटरमध्येच जातंय. तो पूर्ण भरेपर्यंत गरम नळाला काही येणार नाही, आणि ६ गॅलन म्हणजे जवळजवळ २३ लिटर! हीटरला त्याची गरजच नाही, तो रिकामा असला की पुरे.

तीन व्हॉल्व्हपैकी एक हीटरकडे जाणाऱ्या गार पाइपावर असतो, एक गरम पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपावर, आणि तिसरा त्या दोघांना जोडणाऱ्या आखूड पाइपावर. पहिले दोन बंद करा, तिसरा उघडा. दांडी पाइपाला समांतर असेल तर व्हॉल्व्ह उघडा असतो, पाइपाला काटकोनात असेल तर बंद. मग प्लग काढून हीटरमध्ये गेलेलं सोडून द्या. हीटरचं विजेचं बटण बंदच ठेवा, कोरड्या टाकीत एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) जळतं.

हवेने भागतं, पण दाब ५० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आत हवा आणि पंपात पाणी उरू शकतं. तुमच्याकडच्या थंडीत मी तरी अँटीफ्रीझच घालेन. तेही आरव्हीचंच (अशा राहायच्या गाड्यांसाठीचं), प्रोपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, पिण्याच्या पाइपांत ते कधीही नको.

बाहेरचा शॉवर हमखास राहून जातो, त्याचेही दोन्ही नळ गुलाबी होईपर्यंत सोडा. टॉयलेट फ्लश करा, सिंक आणि शॉवरच्या मोरीत कपभर ओता.

व्हॉल्व्ह फिरवूनही गरम नळ कोरडाच राहिला तर त्या जागेचा फोटो इथे टाका, शनिवारच्या आत बघून सांगतो.