‘कलदार’ रुपया : अर्थ काय, आणि कुठे वापरावा?

प्रश्न : पणजोबांच्या जमीनखरेदीच्या दस्तात ‘रुपये 300 कलदार’ असं लिहिलंय. गाव पूर्वीच्या निजाम हद्दीतलं. कलदार म्हणजे अस्सल चांदीचा का? घरात एक मत असंही आहे की ‘कला’वरून, नक्षीदार म्हणून कलदार. जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर : नक्षीचा संबंध नाही, आणि चांदीचाही थेट नाही. कल म्हणजे यंत्र. आपल्या ‘कळसूत्री’मधली कळ तीच. कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला रुपया. जुन्या लिखाणात ‘कळदार’ही सापडतं, दोन्ही बरोबर.

यंत्राचं एवढं अप्रूप का, हे कळायला आधीची पद्धत बघावी लागते. चांदवडी (चांदवडच्या टाकसाळीतला) असो की पुण्याचा अंकुशी (अंकुशाची खूण असलेला), रुपया हातानं पाडत. चांदीचा गोळा चपटा करायचा, दोन ठशांमध्ये धरायचा आणि वरून घण घालायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे पुरा मजकूर क्वचितच उमटे. कुठे अर्धं अक्षर, कुठे नुसता अंकुश. कड ओबडधोबड असल्यामुळे कुणी थोडी चांदी कातरून घेतली तरी पटकन लक्षात येत नसे. म्हणून सराफ प्रत्येक नाणं वाजवून, तोलून, कस बघून घेई आणि त्यावर बट्टा, म्हणजे किमतीतली घट, कापी.

मुंबईत फोर्टात, टाउन हॉलशेजारी, 1824 ते 1829 या काळात कंपनी सरकारची नवी टाकसाळ उभी राहिली. काम कॅप्टन जॉन हॉकिन्स या इंजिनिअरनं पाहिलं. वाफेची इंजिनं आणि यंत्रं बर्मिंगहॅमजवळच्या बोल्टन-वॉट कारखान्यातून जहाजानं आली. इथे चांदी मुशीत वितळवून तिच्या लगडी ओतत, लगडी रुळांतून काढून पत्रा करत आणि पत्र्यातून चकत्या कापत. चकत्या तोलल्या जात. जड निघाली तर कानसायची, हलकी निघाली तर परत मुशीत. मग ठसा. ठशाभोवती पोलादी कडं असे, त्यामुळे दाब बसताच चकती त्यात गच्च भरे आणि कडेवर बारीक उभे दाते उमटत. ते दाते हाच कलदाराचा खरा दागिना! कड जरा कुणी कातरली की दाते गेलेले बोटालाही कळत.

एक गंमत म्हणजे सुरुवातीला या वाफेच्या यंत्रांतूनही रुपया निघे तो शाह आलम बादशहाच्या नावाचा, फारसी मजकुराचा. बादशहा तर 1806 सालीच वारला होता. 1835 च्या कायद्यानं ते बदललं : चौथ्या विल्यमचा चेहरा, वजन 180 ग्रेन, त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी. हेच वजन पुढे आपल्या घरात शिरलं. ‘रुपयाभार हिंग’ म्हणजे एक तोळा, आणि 80 रुपयांचा शेर. घणानं पाडलेल्या नाण्यावर असा भरवसा टाकता आलाच नसता.

पुरवणी (मराठवाड्यातून) : दादा, तुमच्या दस्तात ‘कलदार’ मुद्दाम लिहिलंय, कारण आमच्याकडे निजाम सरकारचा ‘हाली सिक्का’ही चाले आणि तो कलदारापेक्षा हलका. नुसतं ‘रुपये 300’ लिहिलं असतं तर भांडण ठरलेलं. पुढे स्थिर झालेला दर 100 कलदाराला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली असा होता, म्हणजे सहाला सात. त्या हिशेबानं तुमचे 300 कलदार म्हणजे 350 हाली. दस्ताचं साल बघून घ्या, आधी हा दर खालीवर होत असे.

दुसरी शंका : मग ‘कलदार’ आज लिहिताना वापरावा का? ऐतिहासिक कथांमध्ये पेशव्यांचा सावकारही ‘खणखणीत कलदार’ मोजताना दिसतो.

उत्तर : मला ते फार खटकतं. पुण्याच्या त्या सावकाराच्या तोंडी अंकुशी, चांदवडी, तांब्याचा असेल तर शिवराई शोभते. 1835 नंतरच्या कथेत कलदार खुशाल लिहा. बोलण्यात ‘रोख, खरे पैसे’ या अर्थानं जुनी माणसं अजून म्हणतात, तेही अगदी योग्य. फक्त ‘कलदार’ला ‘बंद्या रुपया’चा समानार्थी करू नका. बंदा म्हणजे न मोडलेला, खुर्दा न केलेला अख्खा रुपया. तो हालीही असू शकतो.

आणि दस्त जपून ठेवा. शक्य असेल तर ‘कलदार’ शब्द असलेल्या ओळीचा फोटो इथे टाका, मोडी असेल तर वाचून देतो.