अँटिबॉडीचा आकडा वाढला, त्रास मात्र कमी झाला

प्रश्न (फोंडा):
माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी मायस्थेनिया ग्रेव्हिसचे निदान झाले, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोचू देत नाहीत आणि स्नायू लवकर थकतात, तो आजार. तेव्हा रक्तातील ॲसिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडी ८.२ होती, गेल्या आठवड्यात ती १३.६ आली. पापणी मात्र आता पडत नाही, जेवताना घास अडकत नाही आणि चतुर्थीला तिने नेवऱ्याही स्वतः केल्या. तरीही अहवाल पाहिल्यापासून तिला झोप नाही. आजार आतून वाढतो आहे, असा याचा अर्थ घ्यावा का?

उत्तर (म्हापसा):
ताई, तसा अर्थ घेऊ नये. मी स्वतः अकरा वर्षे हा आजार सांभाळतो आहे आणि याच आकड्याच्या धास्तीत सुरुवातीची दोन वर्षे घालवली आहेत. स्नायूवरील ज्या रिसेप्टरला मज्जातंतूचा संदेश मिळतो, त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडी ही तपासणी मोजते. त्यांपैकी किती अँटिबॉडी खरोखर नुकसान करतात, हे तिच्यातून कळत नाही. म्हणूनच मोठा आकडा असलेल्या एखाद्याची केवळ पापणी जड होते, तर लहान आकडा असलेल्या दुसऱ्याला श्वासाचा त्रास होऊ शकतो. सर्वांगावर परिणाम झालेल्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत या अँटिबॉडी सापडतात, केवळ डोळ्यांपुरता आजार असलेल्यांत जवळपास निम्म्यांत. त्यामुळे निदानासाठी तपासणी मोलाची आहे, पण औषधाची मात्रा डॉक्टर प्रामुख्याने लक्षणे पाहून ठरवतात.

उत्तर (मडगाव, प्रयोगशाळेत काम करते):
दोन्ही अहवाल एकाच प्रयोगशाळेचे, एकाच पद्धतीचे आणि एकाच एककातले आहेत का, हे आधी पाहावे. पद्धत बदलली असेल, तर त्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

उत्तर (म्हापसा):
आकड्यापेक्षा जपावे ते वेगळेच आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या प्रतिजैविकांनी हा आजार बळावू शकतो, म्हणून साध्या तापासाठी गेलात तरी आजाराचे नाव डॉक्टरांना आधी सांगा. उताणे झोपल्यावर धाप लागली, आवाज क्षीण झाला किंवा थुंकी गिळणे जड गेले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्नकर्ती:
दोन्ही अहवाल काढून पाहिले. प्रयोगशाळा वेगवेगळ्या आहेत. आईला तुमचे उत्तर वाचून दाखवले. औषधांची नावे लिहून तो कागद तिच्या पाकिटात ठेवते आहे.